मुखड्यात जुळते, दुसऱ्या अंतऱ्यात सुटते: रेकॉर्डर आणि मिडी यंत्रांची लय जुळवताना काय तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: ‘रिदम सुरुवातीला छान बसतो, पण दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत मागे पडलेला असतो.’ मांडणीही ओळखीची असते. टेबलावर हार्ड डिस्क किंवा एसडी कार्डवर चालणारा मल्टिट्रॅक रेकॉर्डर, शेजारी स्टाइल्सवाला (म्हणजे तयार ठेके वाजवणारा) कीबोर्ड किंवा ड्रम मशीन, आणि मधे पाच पिनांची मिडी केबल, जिच्यातून आवाज नव्हे तर यंत्रांमधल्या सूचना जातात. रेकॉर्डरवर टेम्पो १२०, कीबोर्डवरही १२०. तरी लय सुटते.

सुटते, कारण दोन्ही यंत्रांना १२० सांगितलेलं असलं तरी एकाने दुसऱ्याचं ऐकायचं आहे हे कुणालाच सांगितलेलं नसतं. केबल लावली की जुळणी आपोआप होते, असा समज आहे. प्रत्यक्षात दोघं आपापल्या घड्याळावर चालत राहतात. पडद्यावर १२० दिसत असताना आत ११९.९ चालू असेल, तर चार मिनिटांच्या गाण्यात, म्हणजे ४८० ठोक्यांत, सुमारे २०० मिलिसेकंदांचा फरक पडतो. या लयीत सोळांश स्वराची लांबी १२५ मिलिसेकंद असते. म्हणजे शेवटच्या मुखड्यात तबला दीड सोळांशाहूनही जास्त सरकलेला असतो, आणि गायकाला ते लगेच टोचतं. टेम्पोचा आकडा तंतोतंत सारखा असला तरी दोन यंत्रांमधले क्वार्ट्झ स्फटिक हुबेहूब सारखे नसतात. दशलक्षात ५० भागांचा फरक धरला तर चार मिनिटांत १२ मिलिसेकंद होतात. तेवढ्याने ठेका मोडत नाही, पण हाय-हॅट दोनदा वाजल्यासारखी खरखरीत ऐकू येते.

सेटिंग्ज चाळण्याआधी, आजार कोणता आहे ते ओळखून घ्या

बहुतेक जण इथेच घाई करतात. मेनूतला एक पर्याय बदलतात, गाणं लावून बघतात, मग दुसरा बदलतात. त्याऐवजी अर्धा तास काढून एक चाचणी करा. पुढचा सगळा शोध तिच्यावर उभा आहे.

रेकॉर्डरमध्ये नवं, रिकामं गाणं उघडा. टेम्पो १२०, ताल ४/४. पहिल्या ट्रॅकवर रेकॉर्डरचा स्वतःचा मेट्रोनोम चार मिनिटं रेकॉर्ड करा. आतल्या आत तो ट्रॅककडे वळवता येत नसेल, तर हेडफोनच्या आउटपुटमधून केबल काढून इनपुटला द्या. आता कीबोर्ड किंवा ड्रम मशीनवर प्रत्येक ठोक्याला फक्त एक रिमशॉट, असा साधा पॅटर्न लावा. रिव्हर्ब बंद, स्विंग बंद. हे यंत्र रेकॉर्डरच्या मागे, म्हणजे त्याच्या मिडी क्लॉकवर (केबलमधून येणाऱ्या लयीच्या टिचक्यांवर), चालवा आणि त्याचा आवाज दुसऱ्या ट्रॅकवर घ्या. मग मेट्रोनोम पूर्ण डावीकडे, रिमशॉट पूर्ण उजवीकडे पॅन करून हेडफोनवर ऐका. आधी पहिले दोन-तीन बार, आणि मग थेट १२० वा बार.

सुरुवातीला रिमशॉट जेवढा मागे होता तेवढाच शेवटीही मागे असेल, तर तो निव्वळ ठरावीक उशीर आहे, आणि त्याची चिंता नको. कीबोर्डला मिडी संदेश मिळाल्यापासून आवाज काढेपर्यंत काही मिलिसेकंद लागतातच. ८ मिलिसेकंद उशीर असेल तर ट्रॅक ८ मिलिसेकंद पुढे ओढा, ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे ३५३ सॅम्पल. काम संपलं.

शेवटी अंतर वाढलेलं असेल, तर यंत्र तुमच्या रेकॉर्डरच्या मागे चालतच नाहीये. अंतर वाढत नाही, पण दर ठोक्याला कमी-जास्त होत राहतं, अशी अवस्था असेल तर क्लॉक पोहोचतंय पण थरथरतंय. या दोन्हींचे उपाय एकदम वेगळे आहेत, म्हणून चाचणी आधी.

मास्टर कोण?

माझं मत ठाम आहे: ऑडिओ रेकॉर्डर मास्टर, बाकी सगळे त्याच्या मागे. रेकॉर्ड झालेला आवाज सेकंदाला ४४,१०० सॅम्पल या वेगाने साठवलेला असतो, तो सहजासहजी ताणता येत नाही. कीबोर्डमधला पॅटर्न मात्र नुसत्या सूचनांचा संच असतो, तो थोडा हळू किंवा जलद वाजवल्याने काहीच बिघडत नाही. रेकॉर्डरला दुसऱ्याच्या मागे पळायला लावलं की त्याला आपला प्लेबॅकचा वेग सतत कमी-जास्त करावा लागतो, आणि लांबलेल्या सुरावर, विशेषतः बासरीवर किंवा तानपुऱ्यावर, हेलकावा कानाला जाणवतो. कित्येक रेकॉर्डर तर मिडी क्लॉकच्या मागे चालतच नाहीत. मागे चालायचं तर फक्त मिडी टाइम कोडवर, म्हणजे ठोक्यांऐवजी घड्याळाची वेळ सांगणाऱ्या संदेशांवर.

म्हणून रेकॉर्डरच्या सिंक मेनूत स्रोत ‘इंटरनल’, आणि बाहेर पाठवायचं ते ‘मिडी क्लॉक’. रेकॉर्डरच्या मिडी आउटमधून केबल कीबोर्डच्या मिडी इनमध्ये. मिडी एकाच दिशेने जातं. उलट लावलेली केबल हे आजही सर्वांत जास्त सापडणारं कारण आहे.

कीबोर्डवर ‘एक्स्टर्नल क्लॉक’ चालू करा. आणि इथे एक गोंधळ नीट समजून घ्या. कीबोर्डवर ‘सिंक स्टार्ट’ नावाचं बटण असतं. त्याचा या जुळणीशी काडीचाही संबंध नाही. डाव्या हाताने पट्टी दाबली की स्टाइल सुरू व्हावी, एवढंच त्याचं काम. ते दाबून ‘सिंक चालू केलंय, तरी लय सुटते’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. खरा पर्याय मिडीच्या किंवा फंक्शनच्या मेनूत आत कुठेतरी असतो. उलट बाजूची तक्रारही ऐकू येते: कार्यक्रमाला कीबोर्ड नेला आणि स्टाइल सुरूच होईना. एक्स्टर्नल क्लॉक चालू राहिलेलं असतं आणि क्लॉक देणारा रेकॉर्डर घरी असतो. बाहेरून ठोके येत नाहीत तोवर कीबोर्ड थांबून राहतो. पर्याय पुन्हा इंटरनलवर आणला की झालं.

मागे चालणाऱ्या यंत्राचा स्वतःचा टेम्पो आता निरर्थक होतो. काही यंत्रांच्या पडद्यावर आकड्याऐवजी ‘एक्स्ट’ असं दिसतं, काहींवर मोजलेला टेम्पो दिसतो. रेकॉर्डरचा टेम्पो १०० करून बघा. कीबोर्ड त्याबरोबर हळू झाला तर जोडणी नक्की. नाही झाला तर बाकी काहीही तपासू नका, आधी हेच.

क्लॉकला सम ठाऊक नसते

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्या तालांसाठी तर फारच. मिडी क्लॉक म्हणजे एका पाव स्वराला, क्वार्टर नोटला, २४ टिचक्या. १२० टेम्पोला सेकंदाला ४८, म्हणजे साधारण २०.८ मिलिसेकंदांना एक. त्याखेरीज सुरू करा, थांबा, थांबलास तिथून पुढे चल, आणि गाण्यात अमुक ठिकाणी जा, एवढ्याच आज्ञा. बार किती मात्रांचा, ताल कोणता, सम कुठे, यातलं काहीच क्लॉकमधून जात नाही.

त्यामुळे रूपकातल्या सात मात्रांच्या गाण्याला रेकॉर्डरमध्ये ७/४ लावलंत आणि कीबोर्डवर ४/४ ची स्टाइल राहिली, तर टिचकीला टिचकी जुळते आणि तरीही दुसऱ्याच आवर्तनात सम चुकते. ऐकणाऱ्याला ती ‘लय सुटली’ अशी वाटते. ती सुटलेली नसते, दोघांचे बार वेगळे आहेत. रिमशॉट चाचणी बिनचूक येते पण गाण्यात गडबड होते, तेव्हा दोन्हीकडचा ताल आधी बघा.

दादऱ्यात याहून फसवा प्रकार होतो. सहा मात्रा तुम्ही ६/८ मध्ये लिहिल्यात, तर बारमध्ये तीन पाव स्वर, म्हणून ७२ टिचक्या. त्याच सहा मात्रा ६/४ मध्ये मांडल्यात तर १४४. रेकॉर्डर ६/४ मध्ये २४० च्या टेम्पोने चालला आहे आणि कीबोर्डचा दादरा ६/८ चा आहे, अशा वेळी तबला बरोब्बर दुपटीने धावतो. याशिवाय ६/८ मध्ये काही यंत्रं टेम्पो दाखवताना तीन मात्रांचा एक ठोका धरतात. एकावर ८० दिसतं आणि दुसऱ्यावर १२०. लय एकच असते, मोजणी वेगळी. सिंक चालू असेल तर त्या आकड्यांकडे लक्षच देऊ नका. पण सिंक न करता दोन्हीकडे हाताने ८० टाकलंत, तर कीबोर्ड दोनतृतीयांश वेगाने वाजेल. लावणीचं किंवा कोळीगीताचं काम करणाऱ्यांनी रेकॉर्डरच्या टेम्पो मॅपमध्ये (बारगणिक ताल आणि टेम्पोच्या यादीत) ६/८ च ठेवावं, पुढचा बराच त्रास वाचतो.

टेम्पो मॅप

बदलत्या लयीच्या गाण्यासाठी रेकॉर्डरमध्ये टेम्पो मॅप असतो: कोणत्या बारपासून कोणता ताल आणि कोणता टेम्पो. याचे दोन नियम पक्के धरा. पहिला, मॅप बदलल्याने रेकॉर्ड झालेला आवाज बदलत नाही. गायन ९६ वर घेतलंत आणि नंतर ‘जरा उचलून घेऊ’ म्हणून मॅपमध्ये ९९ केलंत, तर कीबोर्ड ९९ ने जाईल आणि आवाज ९६ नेच राहील. टेम्पो पहिल्या टेकच्या आधी ठरतो. वाटल्यास गायकाला नुसत्या क्लिकवर दोन-तीन वेगवेगळ्या लयींत मुखडा म्हणायला लावा आणि मगच आकडा टाका. दुसरा नियम, मुखड्याआधी उठान असेल, दोन मात्रांचा तुकडा असेल, तर त्याचा वेगळा २/४ चा बार मॅपमध्ये द्या. तो विसरलात तर पुढचे सगळे बार दोन मात्रांनी सरकतात आणि लयबदल भलत्या जागी पडतो.

भजनात शेवटी दुगुन आली की लोक टेम्पो ८० वरून एकदम १६० करतात. करू नका. मागे चालणारं यंत्र येणाऱ्या टिचक्यांवरून टेम्पोचा अंदाज बांधतं. एवढी मोठी उडी आली की काही यंत्रं क्षणभर अडखळतात, आणि नेमकं तिथेच टाळ-मृदंगाचा जोर असतो. टेम्पो ८० च ठेवा आणि ठेका दुप्पट दाट वाजवा. ऐकणाऱ्याला तीच दुगुन मिळते, क्लॉकला कळतही नाही.

मॅपच्या सुरुवातीला दोन बार रिकामे सोडा, अगदी न चुकता. ‘सुरू करा’ ही आज्ञा आल्यानंतरची पहिली टिचकी म्हणजे पहिला ठोका, असा नियम आहे. काही यंत्रं ती पहिली टिचकी सावरेपर्यंत किंचित उशीर करतात. रिकामे बार असले की गाणं सुरू होईपर्यंत यंत्र स्थिर झालेलं असतं.

मधूनच सुरू केल्यावर

पहिल्या बारपासून सगळं ठीक, पण ३३ व्या बारवर जाऊन पंच-इन करायला, म्हणजे मधलाच तुकडा पुन्हा रेकॉर्ड करायला, गेलं की कीबोर्ड आपला पहिल्या बारपासून वाजवतो. इथे प्रश्न टेम्पोचा नाही, जागेचा आहे. रेकॉर्डर ‘साँग पोझिशन पॉइंटर’ नावाचा संदेश पाठवतो, आणि त्यात जागा सोळांश स्वरांत मोजलेली असते. ४/४ मध्ये ३३ व्या बारची सुरुवात म्हणजे ५१२. हा संदेश समजायला मागच्या यंत्रात गाण्याची जागा ही कल्पनाच असायला हवी. ड्रम मशीन पॅटर्न मोडमध्ये असेल तर त्याच्यासाठी ५१२ ला अर्थ नाही. ते साँग मोडमध्ये टाका. कीबोर्डच्या स्टाइल्सना हा संदेश बहुधा कळतच नाही. तेव्हा एक तर दर वेळी सुरुवातीपासून चालवा, किंवा कीबोर्डचा ठेका एकदाच पूर्ण गाण्याभर ऑडिओ म्हणून रेकॉर्ड करून टाका आणि केबल काढा. ट्रॅक शिल्लक असतील तर दुसरा मार्गच चांगला. गायनाच्या वेळी कमी यंत्रं चालू असलेली बरी.

हार्मोनियमच्या सुराला लावलेला रेकॉर्डर

घरात गाणाऱ्यांकडे ही अडचण हमखास येते आणि तिचं मूळ लवकर सापडत नाही. हार्मोनियम ४४० हर्ट्झला नेमकी लागलेली नसते, म्हणून कुणीतरी रेकॉर्डरचा व्हेरी-पिच थोडा वर करून ट्रॅक तिच्याशी जुळवतं. किंवा गायकाची पट्टी काळी चार आणि ट्रॅक पांढरी पाचमध्ये, म्हणून अर्धा स्वर चढवला जातो. व्हेरी-पिच म्हणजे प्लेबॅकचा वेगच बदलणं. अर्धा स्वर चढवला की १२० चा टेम्पो १२७.१ होतो. काही रेकॉर्डरचं मिडी क्लॉक त्याबरोबर वाढतं, काहींचं मूळ १२० वरच राहतं. दुसऱ्या प्रकारचा रेकॉर्डर असेल तर सगळी सेटिंग्ज अचूक असूनही ठेका मागे पडणार. आधी व्हेरी-पिच बंद करून रिमशॉट चाचणी घ्या. बंद असताना जुळतंय आणि चालू केल्यावर सुटतंय, तर कारण सापडलं. शक्य तर हार्मोनियमला सगळ्यांत शेवटी न ठेवता पहिल्या ट्रॅकवर घ्या, आणि कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग तिच्याशी मिळवा. कीबोर्डचं ट्यूनिंग बदलल्याने लय हलत नाही.

याच कुळातलं आणखी एक: ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड केलेली फाइल ४४.१ च्या गाण्यात तशीच ओढली, तर ती जवळजवळ दीड अर्धस्वर खाली आणि तेवढीच हळू वाजते. सूर आणि लय दोन्ही एकाच वेळी उतरले असतील तर सॅम्पल रेट बघा, मिडीच्या वाटेला जाऊ नका.

दुप्पट वेग, थरथर आणि केबल

कीबोर्डवर १२० च्या जागी २४० च्या आसपास आकडा नाचत असेल, तर त्याला दोन क्लॉक मिळताहेत. संगणकातलं सॉफ्टवेअर आणि रेकॉर्डर दोघंही पाठवताहेत आणि मधल्या मर्ज बॉक्समध्ये (अनेक मिडी केबली एकीत मिळवणाऱ्या डबीत) ते एकत्र होताहेत. नाहीतर कीबोर्डचं आउट परत रेकॉर्डरच्या इनमध्ये गेलंय आणि रेकॉर्डर ते तसंच पुढे ढकलतोय. एकाच ठिकाणाहून क्लॉक जाऊ द्या, बाकी सगळीकडे ‘ट्रान्समिट क्लॉक’ बंद. मेनूत शोधायचा कंटाळा आला तर परतीची केबल काढून बघा. मिनिटभरात कळेल.

थरथर असेल तर तिची चौकशी वाटेवर करा. मिडी केबलचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, एका बाइटला ०.३२ मिलिसेकंद. एका सुराचा संदेश तीन बाइटचा, म्हणजे सुमारे एक मिलिसेकंद. क्लॉकच्या टिचकीला मधे घुसायची मुभा आहे, पण प्रत्येक यंत्र ती नीट वापरत नाही. एकाच केबलवरून सोळा चॅनेलचे सूर, पिच बेंड (सूर वाकवण्याचे संदेश) आणि आफ्टरटच (पट्टी दाबून धरल्यावरच्या दाबाचे संदेश) भरभरून जात असतील तर टिचक्या रांगेत अडकतात. क्लॉकसाठी वेगळी केबल ठेवा, आफ्टरटच बंद करा. स्वस्तातल्या यूएसबी-मिडी केबलमधून क्लॉक जात असेल, तर ती वगळून थेट पाच पिनांच्या केबलने जोडून चाचणी पुन्हा घ्या. केबल १५ मीटरच्या आत हवी. आणि जुन्या टेपरेकॉर्डरची पाच पिनांची केबल दिसायला तशीच असली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते. मिडीला चौथी आणि पाचवी पिन आणि मधल्या दुसऱ्या पिनेवर शील्ड, असं सरळ जोडलेलं लागतं. लहान यंत्रांवर ३.५ मिलिमीटरचा जॅक असेल तर तो टाइप ए की टाइप बी ते बघा. २०१८ मध्ये टाइप ए प्रमाण ठरला, त्याआधीच्या यंत्रांत दोन्ही सापडतात. चुकीच्या अडॅप्टरने काहीही बिघडत नाही, फक्त काहीच पोहोचत नाही.

रेकॉर्डरला मिडी टाइम कोडवर ठेवलं असेल तर हेही ध्यानात घ्या की टाइम कोडमध्ये टेम्पो नसतोच. त्यात फक्त तास, मिनिटं, सेकंद आणि फ्रेम. मागच्या सीक्वेन्सरला स्वतःचा टेम्पो मॅप द्यावा लागतो, तोही रेकॉर्डरच्या मॅपशी बार न बार जुळणारा. फ्रेम रेट दोन्हीकडे एकच ठेवा, २५ किंवा ३०, आणि गाणं कोणत्या वेळेला सुरू होतं तो ऑफसेटही. स्टाइल्सवाल्या कीबोर्डला टाइम कोडचा उपयोग नाही.

क्लिकशिवाय घेतलेलं गाणं

सगळ्यांत अवघड प्रसंग हा. अभंग मोकळेपणाने गायला गेला आहे, पखवाज आणि टाळ प्रत्यक्ष वाजले आहेत, लय श्वासाबरोबर थोडी मागेपुढे झाली आहे, आणि आता त्यावर सिंथचा पॅड (लांबलेले भरणीचे सूर) किंवा अर्पेजिओ (लयीत एकेक सुटे वाजणारे सूर) हवा आहे. इथे ठरावीक टेम्पो टाकून कधीच जुळणार नाही. मॅप गाण्यावरूनच काढावा लागेल. रोलंडच्या व्हीएस-८८० सारख्या नव्वदच्या दशकातल्या रेकॉर्डरमध्येही यासाठी सिंक ट्रॅक होता. ऑडिओ ट्रॅक खर्च न करता त्यात मिडी क्लॉक साठवता येतं, आणि ठोक्यांवर मार्क लावून त्यावरून ते तयारही करता येतं.

मार्क लावताना गायकाच्या शब्दांवर लावू नका. शब्द लयीच्या अलीकडे-पलीकडे पडणारच, तेच त्याचं सौंदर्य. टाळाचा ट्रॅक एकटा ऐका आणि त्याच्या आघातावर बोट ठेवा. एका बैठकीत पूर्ण गाणं टॅप करा, मग एकेक मार्क पुढेमागे करून आघाताच्या सुरुवातीला आणा. प्रत्येक ठोक्याला वेगळा टेम्पो ठेवला तर मागचं यंत्र सतत धडपडतं, म्हणून जिथे फरक किरकोळ आहे तिथे आवर्तनाला एकच सरासरी टेम्पो द्या. लय खरोखर चढते तिथेच बारीक काम करा. झाल्यावर रिमशॉटचा पॅटर्न या मॅपवर चालवून टाळाबरोबर ऐका. जिथे दोन टक-टक वेगळे ऐकू येतील त्या आवर्तनातले मार्क पुन्हा तपासा, आणि गाणं सेव्ह केल्याशिवाय रेकॉर्डर बंद करू नका.